आपल्या खाडीची हकीकत

यंदा आपल्या मंडळाला पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेत प्रत्येकीने काहीतरी लिहावे असे सभेत ठरले, आणि पाककृती, विणकाम व घरगुती औषधे यांची पाने बघता बघता भरून गेली. माझ्या वाट्याला काहीच उरले नाही. तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही खाडीकाठच्या घरातल्या. खाडीवर लिहा." मी सातवी शिकलेली बाई, इतिहास लिहिणे हे काही माझे काम नव्हे. परंतु दोन महिने दुपारची भांडी आवरून मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसले, आणि रात्री सासूबाईंना विचारून विचारून भंडावून सोडले. (आपल्यापैकी किती जणी त्या ग्रंथसंग्रहालयात जातात? ते १८९३ सालचे आहे, आणि तेथे पंखाही चांगला लागतो.) त्यातून जे हाती आले ते येथे मांडते. कोठे चुकले असेल तर भगिनींनी हक्काने सांगावे.

खाडी म्हणजे नदी नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. कारण आपल्या मुली तिला सर्रास नदी म्हणतात. नदीचे पाणी एकाच दिशेला वाहत जाते. आपली ठाण्याची खाडी मुंबईच्या बंदरापासून ठाण्यापर्यंत सुमारे सव्वीस किलोमीटर आत आलेला समुद्राचा हात आहे. दिवसातून दोन वेळा भरती येते आणि दोन वेळा ओहोटी लागते. उत्तरेला एका अरुंद चिंचोळ्या वाटेने ती उल्हास नदीला मिळते, पण ती वाट इतकी उथळ आहे की पावसाळा सोडला तर तिकडून गोडे पाणी फारसे येत नाही. म्हणजे आपल्या ठाण्याच्या टोकाला खाडी जवळजवळ बंद पिशवीसारखी आहे. तिच्यात जे पडेल ते ओहोटीबरोबर थोडे खाली सरकते आणि भरतीबरोबर पुन्हा आपल्या दाराशी येते. ही एक गोष्ट मनात धरली की पुढची सारी हकीकत समजायला सोपी जाते.

जुना इतिहास मी थोडक्यातच सांगते, कारण तो शाळेच्या पुस्तकांत आहे. शिलाहार राजांच्या काळी या गावाचे नाव श्रीस्थानक होते. तेराव्या शतकात मार्को पोलोने 'ताना' म्हणून या बंदराचा उल्लेख केला आहे. पुढे पोर्तुगीज आले. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, १७७४ साली इंग्रजांनी. पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला किल्ला म्हणजेच आजचा तुरुंग. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी आली हे लहान मूलही सांगेल. परंतु दुसऱ्याच वर्षी, १८५४ साली, ती खाडी ओलांडून कल्याणला गेली हे फारसे कोणी सांगत नाही. त्यासाठी खाडीच्या पाण्यात पुलाचे खांब रोवावे लागले. तेव्हापासून आजपर्यंत या खाडीत पुलांचे खांब वाढतच गेले आहेत, आणि खांब आला की त्याच्या आडोशाला गाळ साचतो.

तरी एवढे सगळे होऊन खाडी जिवंत होती. याला साक्षीदार माझ्या सासूबाई. त्या १९६५ च्या सुमारास लग्न होऊन चेंदणी कोळीवाड्यात आल्या. मामंजींची लहान होडी होती. सासूबाई सांगतात की, भरतीचे पाणी चढू लागले की बोय मासे पाण्याबाहेर उड्या मारीत, आणि मुले काठावर उभी राहून मोजीत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जाळे भरून येई. भांगेच्या दिवसांत पाणी मंद असे तेव्हा कमी. कोळंबी, चिंबोऱ्या, शिंगाळा, कधी नशीब असले तर जिताडा. चिखलात निवट्या इतक्या की मुलेसुद्धा हाताने धरीत. बायका ओहोटीला खडकांवर कालवे फोडायला जात. सासूबाई टोपली डोक्यावर घेऊन स्टेशनाजवळ विकायला बसत, आणि टोपली रिकामी झाल्याखेरीज उठत नसत. "विकून उरंल ते घरात, आन् घरात उरंल ते शेजारी," असा हिशोब.

एवढी मासळी येथेच का होती, याचे कारण तिवरांत आहे. आपण त्या झाडांना खारफुटी म्हणतो. सासूबाई तिवर आणि कांदळ अशी वेगवेगळी नावे घेतात. ही झाडे खाऱ्या चिखलात उभी राहतात. चिखलात हवा नसते म्हणून तिवर आपली मुळे पेन्सिलीसारखी वर काढून श्वास घेतो. त्या मुळांच्या दाटीत कोळंबीची आणि माशांची पिल्ले लपतात, कारण मोठा मासा तेथे शिरू शकत नाही. गळलेली पाने कुजतात, त्यावर बारीक किडे पोसतात, किड्यांवर पिल्ले. पिल्ले वाढली की ओहोटीबरोबर खोल पाण्यात जातात. थोडक्यात, लेकुरवाळी बाळंतपणाला माहेरी येते तशी मासळी खाडीत येते. माहेर मोडले तर ती येणार कोठे?

आता माहेर कसे मोडले ते सांगते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि आपल्या ठाण्यात वागळे इस्टेट उभी राहिली. खाडीच्या पलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्याने कारखान्यांची रांग लागली. त्यांत रसायनांचे पुष्कळ होते. १९७० साली सिडको आली आणि नवी मुंबई वसू लागली. मुलुंडला खाडीकाठच्या दलदलीत शहराचा कचरा पडू लागला. ती कचराभूमी अखेर २०१८ साली बंद झाली, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून माझी मुले मोठी होईपर्यंत ती चालू होती. पूर्वेला पारसिकच्या डोंगरात दगडाच्या खाणी निघाल्या. पश्चिमेला येऊरच्या पायथ्यापर्यंत इमारती गेल्या. डोंगर उघडा पडला की पावसाबरोबर माती येते, ओढ्याचा नाला होतो, आणि नाला खाडीतच येतो.

या कारखान्यांना नावे ठेवताना माझी जीभ थोडी अडखळते. कारण १९७० नंतर मासळी कमी होऊ लागली तेव्हा मामंजींनी होडी ओढून काठावर ठेवली आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कामाला लागले. आमच्या घरातील पक्क्या भिंती, दिरांचे शिक्षण, नणंदेचे लग्न, सारे त्या पगारातून झाले. कोळीवाड्यातील कितीतरी घरांची हीच कथा आहे. ज्याने खाडीचे पाणी बिघडवले त्यानेच खाडीच्या माणसांना भाकरी दिली. हे विसरून एकदम कारखान्यांच्या नावाने बोटे मोडणे मला तरी जमत नाही.

परंतु पाणी बिघडले हे खरेच. माशाला घासलेटचा वास येऊ लागला. सासूबाईंची नेहमीची गिऱ्हाइके कल्ले उघडून पाहत, हुंगत आणि ठेवून देत. एक दिवस त्यांनी सबंध टोपली परत आणली. त्यानंतर त्यांनी खाडीची मासळी विकली नाही. ससून डॉकची मासळी आणून विकू लागल्या, आणि पुढे तेही सोडले. खाडीच्या काठी राहून खाडीची मासळी त्यांनी कित्येक वर्षे तोंडात घातली नाही.

मी १९९९ साली या घरात आले. माझे माहेर अलिबागच्या बाजूचे. तेथे खाडी म्हणजे मासळीचे घर, आणि येथे खाडी म्हणजे नाकाला पदर लावण्याची जागा. मला याचे नवल वाटले होते. पण माणूस किती लवकर सवयीचा होतो पहा. दोन-तीन वर्षांतच मीसुद्धा गौरी-गणपतीचे निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून, रिक्षातून जाता जाता कळव्याच्या पुलावरून खाली टाकू लागले. पाया पडून टाकीत असे, हे विशेष! मंडळातल्या आणखी कितीजणींनी तसे केले असेल ते मी विचारणार नाही. मामंजींच्या होडीचे काय झाले, तेही सांगून टाकते. ती काठावर पडून कुजली. २००२ च्या हिवाळ्यात तिच्या फळ्या फोडून आम्ही बंबात घातल्या. मामंजी ओट्यावर बसून पाहत होते. बोलले काही नाहीत.

२६ जुलै २००५ चा पाऊस सगळ्यांच्या लक्षात आहे. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाणी पडले. पाण्याला जायला जागा ठेवली नाही की काय होते हे त्या दिवशी साऱ्या मुंबईला समजले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीसंबंधी आदेश दिला. हा खटला पर्यावरणासाठी झटणाऱ्या एका संस्थेने आधीच घातला होता. राज्यात कोठेही तिवरांची तोड करायची नाही, तिवरांपासून पन्नास मीटरच्या आत बांधकाम करायचे नाही, आणि सरकारी जमिनीवरची तिवरे संरक्षित वन म्हणून जाहीर करायची, असा त्याचा आशय होता. पुढे २०१२ साली वनखात्यात कांदळवन कक्ष म्हणून खास शाखा निघाली. २०१८ साली न्यायालयाने अंतिम निकाल देताना असेही सांगितले की, खारफुटीचा नाश करणे म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, आणि जेथे ती नष्ट केली गेली तेथे ती पुन्हा लावून दिली पाहिजे.

कायद्याने झाड वाढते का, असे मला पूर्वी वाटे. वाढते, असे आता म्हणावे लागेल. वनखात्याच्या पाहणीत सबंध महाराष्ट्राची खारफुटी २०१३ साली १८६ चौरस किलोमीटर होती, ती २०२१ च्या अहवालात ३२४ झाली. आपल्या खाडीचा ऐरोली ते वाशी पुलापर्यंतचा भाग ऑगस्ट २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. एकूण १६९० हेक्टर, त्यांतील ८९६ हेक्टर खारफुटी आणि ७९४ हेक्टर पाणी. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा मान मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातले हे तिसरे. इराणमधील रामसर या गावी १९७१ साली पाणथळ जागा राखण्याचा करार अनेक देशांनी केला, त्यावरून हे नाव. जगाच्या यादीत आपली खाडी गेली आणि आपल्या आळीत कोणाला पत्ता नव्हता!

फ्लेमिंगोंची मात्र साऱ्यांना माहिती आहे. १९९० च्या दशकापासून ते हिवाळ्यात येऊ लागले. २०१९ च्या मोजणीत लाखाच्या वर भरले. गुलाबी थवा उतरला की मन हरखून जाते हे खरे. परंतु जाणकारांचे म्हणणे वाचले तेव्हा माझा आनंद थोडा कमी झाला. लहान जातीचा फ्लेमिंगो पाण्यावरचे बारीक शेवाळ गाळून खातो, आणि ते शेवाळ मैलापाण्याने माजते. म्हणजे पक्षी आले म्हणून पाणी स्वच्छ झाले असे नव्हे. कदाचित उलटही असेल. पाहुणा दारात आला म्हणून घर झाडलेले आहे असे धरून चालत नाही.

आणि तिवरांचेही तसेच आहे. ही गोष्ट मला सासूबाईंनी शिकवली, पुस्तकाने नव्हे. तिवर वाढले म्हणून मी कौतुक करीत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "झाडं वाढली खरी गो, पन ती कुटं वाढली? जितं आमी होडी लावायचो तितं." गाळ साचून जेथे पाणी उथळ झाले तेथेही तिवर उगवले आहे. कोळीवाड्यांचे जुने धक्के चिखलात गेले. होडी आता फक्त भरतीलाच निघते. तिवर तोडायचे नाही हे बरोबरच. पण खाडी बुजत चालली असताना तिच्यावर हिरवे पांघरूण पडले तर त्याला खाडी बरी झाली म्हणता येणार नाही. काठ परत मिळाला. पाणी मिळायचे आहे, आणि मासळी काठात राहत नाही, पाण्यात राहते.

पाणी कसे परत मिळवायचे याचे एक उदाहरण ग्रंथसंग्रहालयात वाचले, तेवढे सांगते. लंडनच्या थेम्स नदीविषयी १९५७ साली तेथील निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी सांगितले होते की, शहराजवळच्या पाण्यात काही जिवंत राहू शकत नाही. याचे कारण आपल्यासारखेच. मैला पाण्यात गेला की तो कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो आणि मासा गुदमरतो. तेथे त्यांनी मासे आणून सोडण्याची घाई केली नाही. आधी मैलापाणी शुद्ध करणारी मोठी केंद्रे सुधारली. आणि १९७४ साली थेम्समध्ये सालमन मासा सापडला. हा मासा घाण पाण्यात क्षणभर राहत नाही. साहेबाचे सगळे चांगले असे मी म्हणत नाही, त्यांच्या नदीत पुन्हा घाण जाऊ लागल्याच्या बातम्याही येतात. पण क्रम त्यांनी बरोबर धरला होता.

आपल्याकडे नवी मुंबईत आणि कोपरीत मैलापाणी शुद्ध करण्याची केंद्रे आहेत. भांडुप आणि घाटकोपरच्या जुन्या केंद्रांचे पाणी याच खाडीत येते; तेथे नवी मोठी केंद्रे बांधण्याचे काम २०२२ पासून हाती घेण्यात आले. म्हणजे सुरुवात नाही असे नाही. परंतु जे नाले गटारांना न जोडता सरळ खाडीत उतरतात ते आपण सगळ्या जणी रोज ओलांडतो.

मच्छीमारांचेही काही प्रमाणात ऐकले गेले. २०१७ साली कांदळवनांत खेकडे व मासे पाळण्यासाठी शासनाने गावच्या गटांना मदत देण्याची योजना काढली. २०२१ साली वाशीजवळच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या खटल्यात उच्च न्यायालयाने, खाडीत मासे धरणे हा कोळ्यांचा परंपरागत हक्क आहे आणि त्याचे नुकसान झाले तर भरपाई दिली पाहिजे, असे मानले. ही बातमी सासूबाईंना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी मला ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "त्येंनी ऱ्हायले असते तं खुश झाले असते." मामंजी २०११ साली गेले.

आपल्या मंडळाने काय केले? फार नाही, पण केले ते सांगायला हरकत नाही. गौरी-गणपतीत आपण निर्माल्याची पिंपे ठेवतो, प्लॅस्टिक वेगळे काढतो आणि फुलांचे खत करतो. पहिल्या वर्षी हात घालायला कोणी तयार नव्हते. मी घातला, कारण पुलावरच्या त्या पिशव्या माझ्या डोक्यातून जात नव्हत्या. दुसरे, तीन वर्षांपूर्वी रात्रीच्या वेळी ट्रक येऊन तिवरांत राडारोडा ओतीत होते. आपण चौघी-पाचजणी तक्रार घेऊन गेलो, तर एका कार्यालयात सांगितले की ही जागा त्यांच्या हद्दीत नाही, आणि दुसऱ्यात सांगितले की पहिल्या कार्यालयात जा. पाच हेलपाटे झाले. अखेर ट्रक थांबले. आपल्या अर्जामुळे थांबले की काम संपले म्हणून, हे देव जाणे. तो ढिगारा अजून तेथेच आहे आणि त्याच्याखालची तिवरे वाळली आहेत. ढिगारा उचलल्याखेरीज तेथे काही उगवणार नाही. त्याचा अर्ज अजून पडून आहे. सचिवबाईंनी या अंकाची एक प्रत त्या अर्जाला जोडावी, अशी माझी विनंती आहे.

गेल्या हिवाळ्यात आपली सहल ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात गेली होती. होडीतून फ्लेमिंगो दाखवतात. होडी चालवणारी मुले तेथल्याच कोळ्यांची. सासूबाई येणार नाहीत असे वाटले होते, पण नवे लुगडे नेसून सगळ्यांच्या आधी तयार! थवा दिसल्यावर सगळ्या जणी एका बाजूला झाल्या, फोटो काढू लागल्या, होडीवाला ओरडू लागला. सासूबाई दुसऱ्या बाजूला बसून पाण्याकडे पाहत होत्या. त्यांनी त्या मुलाला विचारले, "पानी किती वाव हाय रे पोरा इतं?" त्याने बांबू खाली घातला, तो लगेच टेकला. सासूबाईंनी मान हलवली. मग तिवरांच्या कडेला बोटभर बोयांचा एक लहान थवा पाण्यावर उडाला, चार-पाचच असतील. त्या एकदम म्हणाल्या, "मोज, मोज!" मी मोजेपर्यंत ते गेले.

परत येताना धक्क्यावर एक म्हातारा पाग झटकीत होता. त्याच्याजवळ चार बोय होते. सासूबाईंनी कल्ले उघडून पाहिले, हुंगले, भावात घासाघीस केली आणि चारही घेतले. घरी येऊन स्वतः साफ केले. मला हात लावू दिला नाही. रात्री पहिला तुकडा त्यांनी डोळे मिटून खाल्ला. मी विचारले, "आई, वास येतो का?" त्या म्हणाल्या, "नाय." थोड्या वेळाने म्हणाल्या, "हाय थोरासा." आणि ताट पुढे करून दुसरा तुकडा मागितला.